नवे सदस्य आणि निधी संकलन: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा रोटरी क्लब कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. जुलैत पदग्रहण झालं की नवे सदस्य येतात आणि दिवाळीनंतर निधी संकलनाचे कार्यक्रम सुरू होतात. या दोन्ही वेळी तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर, फोनवर आणि नाट्यगृहाच्या दारात विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. सदस्यत्वाची माहिती आधी आहे, मग पैशांचे व्यवहार आणि शेवटी अडचणीचे प्रसंग.

१. रोटरी म्हणजे नक्की काय? श्रीमंतांचा क्लब ना?

नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन ओळखीच्या व्यावसायिकांसोबत पहिली बैठक घेतली. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात व्हायची, म्हणून हे नाव पडलं. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांनी नियमित भेटावं, एकमेकांना ओळखावं आणि त्या ओळखीतून गावाचं काम करावं, ही मूळ कल्पना आजही तीच आहे. आमच्याकडे डॉक्टर आणि बिल्डर आहेत, तसेच द्राक्षबागायतदार, शिक्षिका आणि छापखानेवालेही आहेत.

लायन्स ही वेगळी संघटना आहे. ती १९१७ मध्ये अमेरिकेतच सुरू झाली आणि १९५६ मध्ये भारतात आली. कामाचं स्वरूप बरंच सारखं असल्यामुळे लोकांची गल्लत होते. आम्ही काही कार्यक्रम मिळून करतो, मात्र हिशोब स्वतंत्र ठेवतो.

२. मला सदस्य व्हायचं आहे. फॉर्म कुठे मिळतो?

सदस्यत्व निमंत्रणाने मिळतं. म्हणजे एखादा विद्यमान सदस्य तुमचं नाव सुचवतो, सदस्यत्व समिती तुमच्याशी बोलते आणि संचालक मंडळ मंजुरी देतं. ओळखीचं कोणी नसेल तर सरळ आम्हाला कळवा. पाहुणे म्हणून दोन-तीन सभांना या, एखाद्या प्रकल्पाला हातभार लावा. त्यातून ओळख होते आणि नाव सुचवणारा माणूसही मिळतो.

आमचा आग्रह आहे की घाई करू नका. पदग्रहणाच्या झगमगाटात पिन लावून घेतलेले आणि दिवाळीनंतर पुन्हा न दिसलेले सदस्य प्रत्येक क्लबात असतात. त्यापेक्षा आधी शाळेतल्या दंततपासणी शिबिरात नोंदणीच्या टेबलावर एक सकाळ बसून बघा. ते आवडलं तर क्लबही आवडेल.

३. इंग्रजी येत नाही, मी शेती करतो. चालेल का?

अगदी चालेल. आमच्या सभा मराठीत होतात. वरून येणारी पत्रं आणि परिपत्रकं इंग्रजीत असतात. ती सचिव वाचतो आणि सभेत मराठीत सांगतो. शेतीही क्लबच्या नोंदीत इतर व्यवसायांसारखाच एक व्यवसाय आहे. उलट ओढ्यावर बंधारा घालायचा असेल तेव्हा पाणी कुठे मुरतं आणि कुठून फुटून जातं, हे सांगणारा माणूस आम्हाला जवळ हवाच असतो.

४. खर्च किती येतो?

रोटरीचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. वार्षिक वर्गणीत तीन वाटे असतात: आंतरराष्ट्रीय संघटनेचा, डिस्ट्रिक्टचा (म्हणजे आसपासच्या क्लबांच्या विभागाचा) आणि आपल्या क्लबचा. आंतरराष्ट्रीय वाटा डॉलरमध्ये ठरतो आणि सहामाहीने भरावा लागतो, त्यामुळे रुपयातली रक्कम दरवर्षी थोडी हलते. चालू वर्षाचा आकडा खजिनदाराकडून लेखी घ्या, तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नका. त्याशिवाय फेलोशिपचं (सदस्यांच्या स्नेहमेळाव्याचं) जेवण, पदग्रहण आणि डिस्ट्रिक्टच्या परिषदा असा खर्च होतो. परिषदांना जायलाच हवं असं नाही.

वर्गणी परवडत नाही म्हणून मागे राहणाऱ्या तरुणांसाठी रोटरॅक्ट ही रोटरीचीच शाखा आहे. त्यात १८ वर्षांपुढचं कोणीही येऊ शकतं. पूर्वी तिशीची अट होती, ती २०२० पासून गेली.

५. बायकांना घेता का, की त्यांच्यासाठी इनरव्हील?

घेतो, आणि पूर्ण सदस्य म्हणून घेतो. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या गावच्या क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य केलं, म्हणून त्या क्लबची सनद काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर तो नियम बदलला. इनरव्हील ही स्वतंत्र महिला संघटना आहे आणि तिचं काम जोमात चालतं. पण एखाद्या ताईंना रोटरीतच यायचं असेल, तर ‘तुम्ही इनरव्हीलला जा’ असं त्यांना परस्पर सांगणं चूक आहे.

६. नव्या सदस्याला पहिल्याच वर्षी ठरावीक देणग्या आणाव्या लागतात, हे खरं का?

आमच्याकडे नाही. आम्ही नव्या सदस्याला कोटा देत नाही आणि कोणत्याही क्लबने देऊ नये असं आमचं मत आहे. ज्याला अजून प्रकल्पच माहीत नाहीत, त्याने मेव्हण्याकडे आणि दुकानदार मित्राकडे पावतीपुस्तक घेऊन जायचं, तर तो नात्याच्या भिडेवर पैसे आणतो. असा पैसा एकदाच मिळतो. दुसऱ्या वर्षी तोच मित्र फोन उचलत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही नव्या माणसाला देणगीचा पैसा जिथे पोचतो तिथे पाठवतो. डायलिसिस केंद्रात एक सकाळ, वाडीवरच्या शाळेत एक दुपार. तिथे काय चालतं हे त्याने स्वतः पाहिलं की त्याला मागायला शिकवावं लागत नाही. तो चहा पिताना बोलायला लागतो आणि समोरचा आपणहून विचारतो, ‘मी काही देऊ का?’ मग दुसऱ्या वर्षी पावतीपुस्तक त्याच्या हातात देतो.

७. आम्ही दिलेल्या देणगीतून तुमची जेवणं होतात का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. मोठ्याने विचारा, तुमचा तो हक्क आहे.

होत नाहीत. क्लबची दोन खाती आहेत. सदस्यांची वर्गणी एका खात्यात जाते आणि त्यातून सभागृहाचं भाडं, जेवण, टपाल, पदग्रहण हा खर्च होतो. लोकांकडून आलेला पैसा क्लबच्या धर्मादाय ट्रस्टच्या खात्यात जातो. ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे, त्याचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं आणि हिशोब धर्मादाय आयुक्त कार्यालयात जातो. सार्जंट, म्हणजे सभेची शिस्त पाहणारा सदस्य, सभेत उशिरा येणाऱ्यांकडून गंमत म्हणून जो दंड गोळा करतो, तो सदस्यांचाच पैसा आहे. तो वर्गणीच्या खात्यातून ट्रस्टच्या खात्यात येऊ शकतो. ट्रस्टच्या खात्यातून वर्गणीच्या खात्यात एक रुपयाही जात नाही.

नव्या सदस्याला आम्ही सगळ्यांत आधी हेच सांगतो. पुष्पगुच्छ, शाल, पाहुण्यांचा चहा, बॅनरवरचे आपलेच फोटो, हे सगळं आपल्या वर्गणीतून करायचं. देणगीतून नाही, अगदी ‘थोडंसंच आहे’ म्हणूनही नाही.

८. दरवर्षी नाटकाचा प्रयोग लावता. त्यातून खरंच काही उरतं का?

उरतं, पण लोकांना वाटतं तिथून उरत नाही.

आपल्या भागात विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून नाटकाचं वेड आहे. त्यामुळे मदतीसाठी प्रयोग हा इथला हक्काचा मार्ग झाला. क्लब निर्मात्याकडून प्रयोग ठरावीक रकमेला घेतो. त्यावर नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मंडळींची बस, राहणं, जेवण, शिवाय प्रवेशिकांची छपाई आणि जाहिरात असा खर्च चढतो.

एक काल्पनिक हिशोब मांडतो. नाट्यगृहात ८०० खुर्च्या आहेत असं धरा. ६० मानाच्या आणि नाटक मंडळींसाठी राखल्या. उरलेल्या ७४० खुर्च्यांची सरासरी ३०० रुपये धरली, तर २ लाख २२ हजार येतात. आता प्रयोगाचे १ लाख ६० हजार, नाट्यगृहाचे २५ हजार, प्रवास-राहण्याचे ३० हजार आणि छपाईचे २० हजार धरले, तर खर्च २ लाख ३५ हजार होतो. म्हणजे सगळी तिकिटं विकून, नाट्यगृह खच्चून भरूनही १३ हजारांची तूट.

मग पैसा कुठून येतो? स्मरणिकेतून आणि प्रायोजकांकडून. मलपृष्ठ, आतलं मुखपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान असे दर लावून जाहिराती घेतात आणि उरतं ते तिथेच उरतं. म्हणून आमचं काम प्रयोगाच्या तीन महिने आधी सुरू होतं आणि बहुतेक बाजारपेठेत चालत फिरून होतं. स्मरणिका वेळेवर छापून जाहिरातदाराच्या हातात पडलीच पाहिजे. प्रयोगानंतर दोन महिन्यांनी प्रत मिळालेला जाहिरातदार पुढच्या वर्षी अर्ध्या पानावर येतो, नाहीतर येतच नाही.

नाटक निवडताना घरच्या सगळ्यांनी बघावं असं घ्या आणि तारीख ठरवण्याआधी दहावी-बारावीच्या परीक्षा, लग्नाच्या दाट तिथी आणि द्राक्षाचा हंगाम बघा. फेब्रुवारी-मार्चात बागायतदार संध्याकाळी मोकळा नसतो.

९. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ देणगी का मागत नाही?

मागतो. पाच-दहा मोठे देणगीदार मिळत असतील तर कार्यक्रम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जमा रकमेतला चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग कार्यक्रमाच्या खर्चात जाणार असेल तर तो कार्यक्रम निधीसाठी नाही, हौसेसाठी आहे. हौस करायला हरकत नाही, पण मग ती वर्गणीतून करावी.

तरी नाटक किंवा दिवाळी फराळाची विक्री यांचा एक उपयोग आहे. जो माणूस पाच हजार देऊ शकत नाही, तो ३०० रुपयांत सहभागी होतो आणि मध्यंतरात प्रकल्पाची माहिती ऐकतो. शिवाय नवे सदस्य जुन्यांबरोबर काम करतात. महिनाभर एकत्र तिकिटं विकली की माणसं एकमेकांना जेवढी कळतात तेवढी वर्षभराच्या सभांतून कळत नाहीत.

१०. नाटकाच्या तिकिटावर आयकरात सूट मिळेल का?

नाही. तिकिटाच्या बदल्यात तुम्हाला खुर्ची आणि नाटक मिळालं, म्हणजे ती देणगी झाली नाही. स्मरणिकेतली जाहिरातही देणगी नाही. तो व्यवसायाचा जाहिरात खर्च म्हणून दाखवता येतो.

जिला सगळे ‘ऐंशी जी’ म्हणतात ती वजावट निव्वळ देणगीवर मिळते. आमच्यासारख्या ट्रस्टला दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर, आणि तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्यावर वजावट नाही. वस्तूंच्या देणगीवर नाही, मग ते संगणक असोत की गाद्या. नवी कररचना निवडली असेल तर ही वजावट मुळातच मिळत नाही. आणि पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक दिला नाही तर वर्ष संपल्यावर आयकर खात्याला कळवायच्या यादीत तुमचं नाव जात नाही, मग प्रमाणपत्रही निघत नाही. पावतीपुस्तक घेऊन जाणाऱ्या सदस्यांनी पॅन तिथल्या तिथे लिहून घ्यावा. मार्चअखेर शंभर जणांना फोन करत बसणं हा खजिनदारावर अन्याय आहे.

११. यूपीआयने पाठवले तर चालेल? कोणाच्या नंबरवर?

ट्रस्टच्या नावाचा क्यूआर असेल तरच. पैसे भरण्याआधी पडद्यावर जे नाव येतं ते वाचा. तिथे एखाद्या माणसाचं नाव दिसलं, मग तो अध्यक्ष का असेना, तर थांबा आणि आम्हाला फोन करा. ‘आत्ता माझ्या नंबरवर टाका, मी भरतो खात्यात’ असं आमच्या कोणत्याही सदस्याने म्हणायचं नाही, हा आमचा पक्का नियम आहे. त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

जत्रेत किंवा नाट्यगृहात दानपेटी ठेवली तर ती सीलबंद असते आणि दोन सदस्यांसमोर मोजली जाते. पेटीतला पैसा निनावी असतो. एका मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर धर्मादाय ट्रस्टला ३० टक्के कर लागू शकतो. म्हणून आम्ही पेटीपेक्षा पावतीवर भर देतो.

१२. आपल्या गावातला पैसा अमेरिकेला का पाठवायचा?

रोटरी फाउंडेशन या रोटरीच्या जागतिक धर्मादाय संस्थेला सदस्य देतात तो पैसा वेगळा आहे. तो सदस्यांच्या स्वतःच्या खिशातून जातो, नाटकाच्या तिकिटातून नाही. फाउंडेशनच्या वार्षिक निधीत जमा झालेल्या रकमेचा सुमारे अर्धा भाग तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे परत येतो आणि क्लबांना प्रकल्पांसाठी मागता येतो. फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानाला, म्हणजे ग्लोबल ग्रँटला, दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो. गावातलं डायलिसिस केंद्र नुसत्या स्मरणिकेवर उभं राहत नाही.

आणि पोलिओ आठवा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आपल्याकडे सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि घरोघर फिरलेल्या आशाताई-अंगणवाडीताईंबरोबर रोटरीची माणसंही बूथवर बसली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आज पंधरा वर्षांच्या मुलाला कुबड्या घेतलेला वर्गमित्र आठवत नाही. आमच्या पिढीला आठवतो.

१३. लकी ड्रॉ ठेवा ना, तिकिटं पटापट जातील!

जातील, पण ठेवणार नाही. पैसे घेऊन नंबराची तिकिटं विकायची आणि सोडत काढून बक्षीस द्यायचं, याला कायद्यात लॉटरी म्हणतात. सरकारने परवानगी दिलेल्या लॉटरीखेरीज असं करणं गुन्हा आहे. हेतू धर्मादाय असला तरी त्यात फरक पडत नाही. स्कूटर बक्षीस ठेवून हजारो कूपनं विकणारे कार्यक्रम तुम्ही पाहिले असतील, म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत.

तंबोला घरगुती फेलोशिपमध्ये, पैसे न लावता, छोट्या बक्षिसांसाठी खेळतो. तो निधी संकलनाचा मार्ग नाही. त्याऐवजी लिलाव करा. स्थानिक चित्रकाराचं चित्र किंवा एखाद्या खेळाडूने सही केलेली बॅट. देणारा काय घेतो आणि किती देतो हे सगळ्यांसमोर असतं.

१४. कार्यक्रमाला कोणकोणत्या परवानग्या लागतात?

कार्यक्रमागणिक बदलतात. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर असावी लागते आणि ते प्रमाणपत्र निर्मात्याकडे असतं. त्याची प्रत मागून घ्या. उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्याची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, मग गायक कितीही रंगात आला असो. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर त्यांचा परवानाही बघा, नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. मॅरेथॉनसाठी वाहतूक पोलिसांशी मार्ग ठरवायचा, रुग्णवाहिका आणि पाण्याची ठिकाणं लावायची. खाद्यजत्रेत प्रत्येक स्टॉलवाल्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी हवी.

कराच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: नाटक किंवा संगीताच्या कार्यक्रमाची प्रवेशिका माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर तिच्यावर जीएसटी नाही. जाहिरातींचं गणित वेगळं आहे, ते आधी सीएंना विचारा.

१५. आमच्या कंपनीला स्मरणिकेची जाहिरात सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) दाखवायची आहे. पावती तशी कराल?

करणार नाही, कारण ते नियमात बसत नाही. कंपनीला प्रसिद्धी मिळणारं प्रायोजकत्व, जाहिरात, मॅरेथॉनसारखा एकवेळचा कार्यक्रम हे सीएसआरमध्ये धरत नाहीत. तुमची कंपनी डायलिसिस यंत्र किंवा शाळेचं स्वच्छतागृह अशा प्रकल्पाला ट्रस्टमार्फत पैसे देऊ शकते. त्यासाठी ट्रस्टची कंपनी मंत्रालयाकडे नोंदणी लागते, कामाचा अहवाल आणि खर्चाची बिलं द्यावी लागतात. ते आम्ही आनंदाने देतो. जाहिरात वेगळी, सीएसआर वेगळा, दोन पावत्या.

१६. माझा भाचा अमेरिकेत आहे, त्याला मोठी देणगी द्यायची आहे. खाते क्रमांक पाठवू?

आधी विचारा: पासपोर्ट कुठला?

भारतीय पासपोर्ट असेल तर तो परदेशात राहत असला तरी त्याच्या स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत आलेली देणगी परदेशी धरत नाहीत. ट्रस्ट ती घेऊ शकतो. पासपोर्टची प्रत मात्र आम्ही मागतो.

त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओळखपत्र) असलं तरी कायद्याच्या नजरेत तो परदेशी स्रोत आहे. परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसेल तर एक डॉलरही घेता येत नाही. ‘मी आईच्या खात्यात पाठवतो, ती तुम्हाला देईल’ हा मार्ग तर कधीच सुचवू नका, त्यात आईही अडकेल. त्याने अशी नोंदणी असलेल्या संस्थेला थेट द्यावं. ती संस्थाही ते पैसे पुढे आमच्याकडे वळवू शकत नाही, २०२० पासून त्याला मनाई आहे. पोटची माणसं प्रेमाने देतात आणि आम्ही नाही म्हणतो, याचं वाईट वाटतं. तरी नाहीच म्हणावं लागतं.

१७. महापुरात मदत गोळा करताना परवानगीची वाट बघत बसायचं का?

नोंदलेल्या ट्रस्टच्या नावाने, ट्रस्टच्या पावतीवर गोळा करत असाल तर वेगळी परवानगी लागत नाही. चार मित्र मिळून किंवा गल्लीचं नोंदणी नसलेलं मंडळ लोकांकडून पैसे गोळा करणार असेल, तर त्याच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. त्या मित्रांनी आमच्या ट्रस्टकडे यावं. पावती आमची, राबणं सगळ्यांचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हापासून आमच्याकडे मदतीची यादी तयार असते. पहिल्या दोन दिवसांत पिण्याचं पाणी, शिजवलेलं अन्न, औषधं, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध. पाणी ओसरल्यावर खराटे, फावडी, जंतुनाशक, चटया, भांडी. त्यानंतर वह्या-पुस्तकं आणि जनावरांचा चारा. चाऱ्याचा फोन खूप उशिरा येतो, पण गोठ्यातली भूक पहिल्या दिवसापासून असते.

जुने कपडे कृपया पाठवू नका. फाटक्या साड्या आणि विटक्या शर्टांचे ढीग शेवटी रस्त्याकडेला भिजत पडतात आणि उचलायला पुन्हा माणसं लागतात. ज्याचं घर गेलं त्यालाही आवडनिवड आणि मान असतो.

१८. ज्यांना मदत दिली त्यांना स्टेजवर बोलावून फोटो काढायला काय हरकत आहे? देणगीदारांना बरं वाटतं.

हरकत आहे. सायकल घेणाऱ्या मुलीचा चेहरा दुसऱ्या दिवशी गावभर फिरतो आणि वर्गातली मुलं तिला ‘रोटरीची सायकल’ म्हणतात. डायलिसिसवरच्या माणसाला चार पाहुण्यांनी मिळून मोठा पुठ्ठ्याचा चेक धरायला लावणं, हा त्या माणसाचा अपमान आहे. त्याने तक्रार केली नाही म्हणून तो अपमान नव्हता असं होत नाही. त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

आम्ही वस्तू शाळेत किंवा घरी, फोटोशिवाय पोचवतो. देणगीदाराला बिल, पोचपावती आणि कामाची माहिती देतो. यंत्राचा फोटो देतो, वर्गखोलीचा देतो. स्वतः पाहायचं असेल तर घेऊन जातो. कोणाला आपणहून बोलायचं असेल तर जरूर बोलावं. कृत्रिम पाय बसवलेले एखादे काका व्यासपीठावर चालत येऊन बोलतात तेव्हा त्यांचा तो अभिमान असतो. पण ते त्यांच्या मनाने, मदत मिळण्याची अट म्हणून नाही.

१९. आमदारसाहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं तर मोठी देणगी मिळेल. बोलवायचं ना?

लोकप्रतिनिधी पाहुणे म्हणून येऊ शकतात. ते सदस्यही असू शकतात. क्लब मात्र कोणत्याही उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार करू शकत नाही. म्हणून बॅनरवर पक्षाचं चिन्ह नाही आणि भाषणात मत मागणं नाही, हे निमंत्रण देतानाच सांगायचं. आचारसंहिता लागू असेल तर उमेदवाराला व्यासपीठावर बसवू नका आणि सभागृह-ध्वनिक्षेपकाची परवानगी निवडणूक कार्यालयाकडून पुन्हा पडताळा. तारीख पुढे ढकलणं सगळ्यांत सोपं.

२०. यंत्रासाठी पैसे गोळा केले आणि ते यंत्र सरकारनेच दिलं. आता त्या पैशांचं काय?

ते पैसे ज्या कामासाठी मागितले त्याच कामाचे. ट्रस्टला वाटलं म्हणून ते रस्त्याच्या सुशोभीकरणाला वळवता येत नाहीत. आम्ही आधी त्याच कामाला जवळचा उपयोग शोधतो, जसं की त्याच केंद्रातल्या गरजू रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च. मग मोठ्या देणगीदारांना पत्र लिहून संमती घेतो, विश्वस्तांच्या सभेत ठराव करतो आणि पुढच्या स्मरणिकेत बदल कारणासह छापतो. एखाद्याची संमती नसेल तर त्याच्या रकमेबद्दल त्याच्याशी बसून बोलतो.

हे टाळायचं तर आवाहनातच एक ओळ टाका: या कामाला निधी जास्त झाला किंवा लागला नाही, तर तो आरोग्याच्या इतर प्रकल्पांसाठी वापरला जाईल. छापून ठेवलेली ती ओळ पुढचा सगळा घोळ वाचवते.

२१. मध्येच क्लब सोडायचा असेल तर?

सचिवांना लेखी कळवा, कारण सांगायची सक्ती नाही. बदली झाली असेल तर नव्या गावच्या क्लबला आम्ही पत्र देतो. भरलेली वर्गणी परत मिळत नाही, कारण आंतरराष्ट्रीय आणि डिस्ट्रिक्टचा वाटा पुढे गेलेला असतो (प्रश्न ४ पाहा). मात्र जाण्याआधी तुमच्याकडची पावतीपुस्तकं, कोरी असोत की अर्धी वापरलेली, आणि न विकलेल्या प्रवेशिका खजिनदाराला मोजून परत द्या, त्यांची सही घ्या.